दोन्ही बायांचं कपाळ

जुन्या पाककृतींच्या वहीचं कव्हर आज हातात आलं. परदेशी मासिकाचा गुळगुळीत कागद, त्यावर ट्रॅक्टरवर बसून हसणारी गोरी बाई. असली मासिकं तेव्हा जवळजवळ फुकट यायची, आम्ही ती वह्यांना घालायचो. मी नवी नवरी, त्यातून पदवीधर! सासूबाईंना ऐटीत म्हटलं, "हा त्यांचा प्रचार हं, खरं मानू नका." आणि भिंतीवर आपल्या सरकारचं कॅलेंडर लावलं. त्यातही कापणी करणारी हसरी बाई.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. दोन्ही चित्रं न्याहाळून म्हणाल्या, "अगं, कपाळावर घाम हिलाही नाही, तिलाही नाही. मग आपली तेवढी खरी कशी?"

मी फिदीफिदी हसले होते! परक्यांची लबाडी ओळखायला माझी पदवी पुरली, घरची मात्र मी खिळा ठोकून टांगली. आणि अंगठा उठवणाऱ्या त्या बाईनं एका नजरेत दोन्ही देशांचं पितळ उघडं पाडलं.

एवढ्यात नात फोन घेऊन आली. भर उन्हात पाण्याचा हंडा घेतलेली एक बाई त्यात हसत होती.

"आजी, सगळ्यांना पाठवतेय. बाहेरचं नाही काही, आपल्याच चॅनेलचं आहे."

"थांब गं," मी चष्मा पुसला, "आधी तिचं कपाळ बघू दे."