एकशे सत्तावीसच्या पुढचे

साक्षीनं हट्टानं कागदी फॉर्म बंद पाडले होते, आणि आता तेच कागद तिला हवे होते.

डाळजच्या ऊसतोडणी संस्थेचे दोनशे साठ सभासद. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधी, त्याच्या उसाला तोड आधी, असा तिथला रिवाज. बारामतीत प्रोग्रामर असलेल्या साक्षीनं लागणीच्या तारखेची नोंद मोबाइलच्या ब्राउझरवर आणली. गावात रेंज कशीबशी, म्हणून माहिती मजकूर म्हणून न पाठवता बाइट्समध्ये आवळून पाठवायची. हे तिनं सभेत मोठ्या तोऱ्यात फळ्यावर समजावलं होतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

पण जावास्क्रिप्टच्या एका ओळीत, पाठवण्याआधी, तिनं ते बाइट्स मजकूर समजून वाचले. तिच्या आवळण्याच्या पद्धतीत एकशे सत्तावीसपर्यंतचा सभासद क्रमांक एका बाइटात बसतो, तो सुखरूप गेला. त्यापुढच्याला दोन लागतात; त्यातला पहिला मजकूर म्हणून वाचताच येत नाही, तिथं ब्राउझरनं सगळ्यांना एकच खूण चिकटवली. तारखा आल्या, पण कुणाच्या ते कळेना. तपासणी तिनं फक्त पहिल्या पन्नास जुन्या सभासदांवर केली होती.

तीन दिवस तिनं डोकं आपटलं. फोनमधून निघण्याआधीच जे पुसलं गेलं, ते आणायचं कुठून? पुन्हा विचारावं, तर ऊस डोक्याच्या वर गेलेला, बघून लागण कधीची ते ओळखू येईना. जो तो महिनाभर आधीची तारीख सांगणार. तिला जीव नकोसा झाला.

सभेत तिनं सगळं कबूल केलं. अध्यक्ष हिंदुरावांनी यादी चाळली आणि तिच्या वडिलांकडं पाहिलं.

"बाजीराव, तुमचा नंबर चौऱ्याण्णव. तुमची नोंद बरी शाबूत हाय!"

"जुन्या समद्यांचीच हाय, काका," साक्षी रडकुंडीला आली. "यंत्राला माझा बाप कोण ते कळत न्हाय."

मागून कुणीतरी हसलं.

बाजीराव उठले. आयुष्यात सभेत कधी न बोललेला माणूस. "माझी नोंद काढा. आमचा ऊस समद्यात शेवटी तोडा. पर पोरीला बोल लावू नका."

"आबा, नको," साक्षी पुटपुटली. शेवटी म्हणजे भर उन्हाळा. ऊस वाळून त्याचं चिपाड होणार हे तिला ठाऊक होतं. तरी एवढ्यावर सुटका होईल असं तिला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

हिंदुरावांनी शांतपणे लिहून घेतलं, मग ते सभेकडं वळले.

"बघा, बाजीरावांनीच लबाडी कबूल केली."