बोकडाचा रिपोर्ट

सेक्टर ४३च्या स्टँडवर उतरलं की साताऱ्याचा प्रत्येक पाहुणा मला एकच विचारतो, "सुभेदार, सगळं सोडून चंदीगडला का हो राहिलात?" मी आपला म्हणतो, हवा चांगली आहे.

खरं सांगायचं तर ते पलटणीच्या एका एक्सरसाइजपासूनचं, म्हणजे युद्धसरावापासूनचं आहे. शिवालिकच्या पायथ्याशी, तळ्याकाठी आमच्या आल्फा कंपनीचे तंबू लागले. जागा वरूनच ठरली होती. लंगरसाठी, म्हणजे जवानांच्या जेवणासाठी, तिथलाच चरणारा बोकड घेतला. कंपनी कमांडर कॅप्टन निंबाळकर साहेबांनी त्याची कलेजी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. कडक होती, पांढऱ्या डागांनी भरलेली.

"सुभेदार साब, तंबू उचला. वरच्या टेकाडावर."

जवान दमले होते. मीही वैतागलो. अहो, कलेजी बघून कुणी छावणी हलवतं का? तर साहेब म्हणाले, "रोमन हलवायचे. वस्तीआधी तिथली जनावरं कापून बघायचे. कलेजी खराब म्हणजे पाणी आणि चारा खराब. मग पुढची जागा."

तंबू उचलायला लागलो, तेवढ्यात वायरलेसवर पलटणीचे प्रमुख, सीओ साहेब कडाडले.

"आल्फा, तंबू का हलतायत? ओव्हर."

"पाणी खराब आहे सर. ओव्हर."

"रिपोर्ट कुणाचा?"

"बोकडाचा, सर. ओव्हर."

"पाणी चांगलं निघालं, तर उद्या शिक्षेसाठी बेल्ट काढून माझ्यासमोर उभा राहशील. आउट."

साहेब शीळ घालत खुंट्या ठोकायला लागले.

सकाळी तळ्याकाठीच राहिलेल्या चार्ली कंपनीतले निम्मे जवान पोट धरून डॉक्टरपुढे रांगेत. आमचे सगळे परेडवर हजर. वायरलेस पुन्हा वाजला.

"आल्फा, बोकडाला माझी शाबासकी सांग."

"तो कालच पातेल्यात गेला, सर."

त्या टेकाडावरून चंदीगड दिसत होतं. साहेब म्हणाले, "मागे डोंगर, पाण्याला उतार, पुढे हमरस्ता. रोमन तिथेच थांबले असते, साब. आई तिथेच राहते, म्हणून तिला हलवत नाही."

पुढच्या हिवाळ्यात सीमेवर गस्त घालताना साहेबांना गोळी लागली. मी सोबत होतो. माणूस गेला, आणि मी परत आलो. ते अजून सलतं.

पेन्शन लागल्यावर मी चंदीगडला आलो. ना डोंगर बघितला, ना पाणी. साहेबांच्या आईच्या दारापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घर घेतलं.

रविवारी मटण घेऊन जातो. आई दारातच पिशवी उघडतात.

"जाधव, कलेजी बघून घेतलीस ना?"

"बघितली, आई. जागा चांगली आहे."

"मग ये आत. त्याच्या फोटोसमोर बस, मी चहा टाकते."