बाबांनी लिनक्सचे कागद लावायला घेतले

बाबा निवृत्त झाले तेव्हा माझा जुना लॅपटॉप मी त्यांना दिला. तो इतका थकला होता की विंडोज उघडेपर्यंत आईचा चहा होऊन जायचा, म्हणून विंडोज काढून त्यावर हलकं लिनक्स टाकलं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. बाबांची सारी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेली. त्यांनी बातम्या वाचाव्यात, भीमगीतं ऐकावीत, एवढंच माझ्या मनात होतं. पण समोर आलेला कागद वाचल्याशिवाय बाबांना राहवत नाही. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडीसुद्धा ते पूर्ण वाचतात आणि आईला काय काय त्रास होऊ शकला असता ते सांगत बसतात.

एका रविवारी दुपारी हाक आली.

"पोरी, इकडे येजो. हे इतले फोल्डर कोणाचे व्हय?"

जाऊन पाहिलं. लिनक्समध्ये कुठलाही प्रोग्राम बसवला की त्याची माहितीपत्रं, परवाना, कोणत्या आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद, असं सगळं एका ठरलेल्या जागी, त्या प्रोग्रामच्या नावाच्या फोल्डरात जाऊन बसतं. बाबा फिरत फिरत नेमके तिथं पोचले होते. मी इतकी वर्षं हा विषय शिकवते, पण त्या जागी गेले असेन तर चुकून.

"बाबा, ते कोणी वाचत नाही."

"मंग ठेवलं काऊन?"

मी हसून परत फिरले. बाबांना मात्र काम मिळालं. नुसत्या ए-बी-सी-डीच्या क्रमानं लावलेलं दफ्तर त्यांच्या मते दफ्तरच नव्हतं. छपाईचं एकीकडे, आवाजाचं एकीकडे, अक्षरांच्या वळणांचं, म्हणजे फॉन्टचं, एकीकडे, असे विषय पाहिजेत. ते एकेक फोल्डर उघडून वाचू लागले. 'कप्स' नावाचा फोल्डर पाहून आई म्हणाली, "याले माझ्या रॅकमंधी ठेवू का?" बाबांनी मान वर न करता सांगितलं, "ते प्रिंटरचं हाय."

फोल्डर हलवताना मशीन पासवर्ड मागायचं. बाबांनी मला विचारलं, तर मी पेपर तपासता तपासता म्हटलं, "टाका ना, तुमचंच मशीन आहे."

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या लॅपटॉपवर अपडेट चालवलं. संध्याकाळी बाबा दारात उभे.

"माह्या फोल्डरले कोणं हात लावला?"

त्यांनी हलवलेले कितीतरी फोल्डर पुन्हा जुन्या जागी हजर होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"मी कायले हात लावू तुमच्या डब्ब्याले?" आई म्हणाली. "घरातलं कपाट लावा म्हणून सांगून राह्यली, ते नाई लावत."

मी त्यांना बसवून समजावलं. प्रोग्राम ज्या बांधलेल्या गठ्ठ्यातून येतो ते त्याचं पॅकेज, आणि फोल्डर कुठं राहणार हे त्या पॅकेजनंच ठरवलेलं असतं. नवी आवृत्ती आली की ती आपले कागद पुन्हा तिथंच आणून ठेवते. बाबांनी लॅपटॉप मिटला. बदलीचा अर्ज फेटाळला गेल्यावर फाईल मिटत असत तसा. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हसूही येत होतं.

"मूळ जागा हलवू नका," मी म्हटलं. "तुमच्या स्वतःच्या फोल्डरात विषय करा आणि तिथून मूळ कागदाकडे नुसती वाट दाखवणारी लिंक ठेवा."

"म्हणजे फाईल तिथंच, नोंद आपल्याजवळ?"

"तसंच."

हे त्यांना एकदम पटलं. हलवलेलं सगळं आम्ही परत जागेवर ठेवलं आणि बाबांनी नव्यानं विषय पाडले. सगळ्यात फुगलेला विषय 'किरकोळ' होता. त्यावरून मी चिडवलं, तर म्हणाले, "आमच्या ऑफिसातबी तोच मोठा होता."

या वाचनातच त्यांना एक गोष्ट सापडली. एका छोट्या प्रोग्रामच्या माहितीपत्रात लिहिलं होतं की अधिक खुलासा याच फोल्डरातल्या अमुक फाईलमध्ये पाहावा. तशी फाईल तिथं नव्हतीच.

"सहपत्र जोडलेलं नाई," बाबा म्हणाले. आवाजात चक्क आनंद होता. "आता कळवा लागते."

प्रोग्राममधल्या चुका कळवायची इंटरनेटवरची जागा मी दाखवली. मजकूर त्यांचाच. कचेरीच्या इंग्रजीत त्यांनी 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात केली, विषय लिहिला, संदर्भ लिहिला, आणि शेवटी योग्य ती कार्यवाही होण्यास विनंती केली. मी म्हटलं, "बाबा, इथं असं कोणी लिहीत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच त्याइचे कागद हरवतेत."

दोन-तीन दिवसांत उत्तर आलं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या माणसानं लिहिलं होतं: बरोबर आहे, पॅकेज बांधताना ती फाईल राहून गेली, पुढच्या आवृत्तीत घालतो, आभारी आहे सर. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. स्वतःला येत असूनही.

"इतक्या लवकर उत्तर?" ते म्हणाले. "याच्यावर कोणी साहेब नाई का?"

सकाळी बाबांबरोबर फिरायला जाणाऱ्या, आमच्या पिपरी भागातल्या सगळ्या मंडळींना ही हकीकत समजली. लिनक्स म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण बाबांचं पत्र मार्गी लागलं एवढं कळलं.

महिना उलटल्यावर नवी आवृत्ती आली आणि ती फाईल फोल्डरात येऊन बसली. बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि वाचायला घेतलं. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "कसं आहे?"

"ठीक हाय," ते म्हणाले. "पण लय लांबण लावलं पोट्ट्यानं. अर्ध्या पानात झालं असतं."