शटरवरचे तीन कागद

हे मी कोनालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, बहिनीले नाही, आनि जिले सांगाले पाहिजे होतं तिले तं मुळीच नाही. आज तुमाले सांगून राहिली—ते मन हलकं कराले नाही. हलकं होत नाही ते. आनि आधीच सांगते, शेवटी "जाऊ द्या, नोकरीच तशी असते" असं काही म्हनसान तं म्हनू नका. मले ते चालनार नाही.

मी नगर निगममध्ये, म्हनजे आपल्या महानगरपालिकेत, बाबू आहे. इकडं भिलाईत क्लर्क बाईलेही बाबूच म्हनतेत. नेहरू नगरकडच्या एका मार्केटमधले निगमचे गाळे माझ्याकडं—कोनाचं भाडं थकलं, नोटीस गेली का, सारं मीच पायाचं. दर मंगळवारी साहेब बैठक घेतेत. भिंतीवर तक्ता लागते, प्रत्येकाच्या नावासमोर रंग. काम झालं तं हिरवा, नाही तं लाल. लालवाल्यानं उभं राहून सांगाचं, कावून नाही झालं. मी दोनदा उभी राहिली होती.

त्याच मार्केटात कांता मावशीचं दुकान. फॉल-पिको, ब्लाऊज शिवनं. सख्खी मावशी नाही. पन भंडाऱ्याकडची, माझ्या मायसारखं बोलनारी. ऑफिसात दिवसभर हिंदी, घरी पोरंही हिंदी—मराठी बोलाचं म्हनजे दुपारी, मावशीच्या दुकानात, चहासंगं. "ये बाई, बस," म्हने, आनि कापडाचा ढीग सरकवून जागा करे. मायबाप गेल्यावर मले माहेर असं राहिलंच नव्हतं. ते दुकानच माहेर झालं होतं.

तिचं भाडं थकलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, चार महिने मशीन बंद, मंग मागचं मागंच राहिलं. हे तिनंच सांगतलं, लपवलं नाही. म्हने, "बाई, आमच्या भाड्याचं काही निघालं तं सांगशीन." मी म्हनली, "काही नाही मावशी. मी आहे ना."

मी आहे ना—असं म्हनली मी.

आता ऐका. नोटीस शटरवर चिकटवाची, फोटो काढाचा, ऑफिसच्या ग्रुपवर टाकाचा. फोटो गेला की नोटीस पोचली, असं धरतेत. तीन नोटिसा झाल्या की गाळ्याले सील. मावशीची पहिली नोटीस घेऊन मी सकाळी आठले गेली, सारं मार्केट बंद होतं. एका हातानं कागद दाबून धरला, दुसऱ्या हातानं फोटो काढला. आनि मंग—मंग तो कागद फाडून काढला. ओल्या फडक्यानं लेई, चिकटवाची खळ, पुसली आनि कागद पर्समध्ये टाकला.

कावून? त्यावर खाली सही माझी होती. तिनं वाचली असती, तं दुपारी मले "बस बाई" म्हनली असती का? तुमाले वाटन, तिचं दुकान जाईन म्हनून मी भ्याली. नाही. माझा चहा जाईन म्हनून भ्याली.

लेई काही पुरती निघत नाही. दुपारी गेली तं मावशी ब्लेडनं शटर खरवडून राहिली होती. "हे कोचिंगवाले मेले," म्हने, "रोज काही ना काही चिपकवून जातेत. यायच्याच घरच्या दारावर चिपकवा, मंग समजन." मी हसली. हो, हसली. दुसऱ्या नोटिशीच्या वेळी तं तिच्या हातातून ब्लेड घेऊन मीच खरवडू लागली. "राहू दे वो, हात कापन तुवा," म्हने.

तिसऱ्या कागदावर खाली एक ओळ होती. पंधरा दिवसांत थकबाकीचा तिसरा हिस्सा भरा, बाकीचे हप्ते करून देऊ, गाळा तुमचाच राहीन. तेवढे पैसे मावशीजवळ होते. नव्या मशीनसाठी ठेवले होते तिनं, मले माहीत होतं. तो कागदही माझ्या पर्समध्ये गेला. त्या मंगळवारी माझ्या नावासमोर हिरवा होता, साहेबांनी नाव घेऊन शाबासकी देली. मले बरं वाटलं. खोटं कशाले बोलू?

सील कराले गेले तवा मी संगच होती. मावशी मशीनवरून उठली, म्हने, "साहब, हमको तो कोई नोटिस नहीं मिली." साहेबांनी मोबाईल पुढं केला. तिनं चष्मा लावला आनि तिन्ही फोटो एकेक करून पायले. शटर तिचंच, नंबर तिचाच. तिसऱ्या फोटोत कागदाच्या कोपऱ्यावर एक हात होता. बाहीच्या काठाले हिरवी पायपिन, बारीक गोट. तो ब्लाऊज मावशीनंच शिवला होता, दिवाळीले, शिलाई न घेता. त्या फोटोवर ती खूप वेळ थांबली.

साहेबांनी मले विचारलं, "मॅडम, नोटिस लगी थी ना? निकल तो नहीं गई?" साहेब तसा बरा मानूस. मी खरं बोलली असती तं तिले ते पंधरा दिवस परत भेटले असते. मी म्हनली, "जी सर, लगी थी."

मावशीनं मोबाईल परत देला. म्हने, "मुझेच नहीं दिखी होगी साहब. आँख का ऑपरेशन हुआ है." माझ्याकडं तिनं पायलं नाही.

आता तिथं मोबाईलचे कव्हर विकतेत. मावशी नंदिनी नगरले पोरीकडं असते. मी गेली नाही. रस्ता माहीत आहे, पत्ता माहीत आहे, तरी गेली नाही. आनि तक्त्याचं नाव मले सांगू नका, वरून दबाव होता असंही म्हनू नका. चिकटवाले तक्त्यानं लावलं असन. फाडाले कोनीच सांगतलं नव्हतं.

तो ब्लाऊज अजून आहे, एक टाका उसवला नाही. मंगळवारी बैठकीले मी तोच घालून जाते, मुद्दाम. बाया विचारतेत, कोनाकडून शिवला? मी मावशीचं नाव सांगते. मंग विचारतेत, दुकान कुठं आहे तिचं?

"मीच बंद केलं," म्हनते. त्यायले वाटते, मी ऑफिसच्या कामाचं सांगून राहिली.