केपला दशा असतातच

गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि अम्मा माझ्या ट्रंकेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होती. सोलापूर स्टेशनावर मला पोचवायला ती एकटीच आली होती. नायना, म्हणजे माझे वडील, 'कारखान्यात काम हाय' म्हणून घरी राहिले, आणि त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. मी मुंबईला चित्रकला शिकायला निघाले होते. ट्रंकेत चार साड्या, शेंगाचटणीचा डबा आणि कव्हर नसलेली वीस-बावीस कॉमिक्स. माझी स्वतःची चित्रं मात्र नव्हती. ती नायनांनी ठेवून घेतली होती.

तुम्ही जे तिथंच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, ते सगळे हल्ली आपल्या शाळेच्या ग्रुपवर जुन्या कॉमिक्सची कव्हरं टाकता. मुखवटेवाले, उडणारे, छाती फुगवलेले. खाली लिहिता 'व्हिंटेज' आणि उसासे सोडता. सोडा बापडे. मला त्यात ओढू नका. सत्तरच्या दशकात त्यातलं एकही कव्हर आमच्या घराचा उंबरा ओलांडून आत आलं नाही.

नवी पेठेत एक रद्दीवाले चाचा होते. न खपलेल्या कॉमिक्सची कव्हरं फाडून कंपनीला परत पाठवायची असत म्हणे, आणि उरलेलं पुस्तक चाचांकडे यायचं. मी कुरकुर केली की ते म्हणायचे, "कवर नै है बेटी, तबीच तो तेरेकू मिल्या!" आतली पानं काळ्या शाईची, कळकट. म्हणजे वीर दिसायचा, पण त्याचा रंग कुणालाच ठाऊक नसायचा. मग तो मी ठरवायचे.

नायना चादरींच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. ग्राफ पेपरच्या बारीक चौकोनांत, त्यांच्या भाषेत घरांत, रंग भरायचा, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, ते पुठ्ठे मागावर चढले की नक्षी चादरीत उतरायची. बिघडलेले ग्राफ घरी यायचे आणि त्यांच्या कोऱ्या भागावर मी कव्हरं काढायचे. मला चित्र म्हणजे चौकोन भरणं एवढंच माहीत. त्यामुळं माझ्या वीराचे खांदे पायऱ्या-पायऱ्यांचे. अंग डाळिंबी, मुखवटा काळा. आणि त्याच्या पाठीवर जे फडफडायचं ती आमच्या लेखी चादरच होती की! चादर म्हटल्यावर तिला काठ हवेत, टोकाला सुट्या धाग्यांच्या दशा हव्यात. मी एकेक दशा मोजून काढायचे.

घरात आम्ही तेलुगू बोलायचो, पण नायना चिडले की मराठीत यायचे. "ह्यो मुखवट्यातला बाप्या चादरीवर आला तर कोण पांघरंल? चोर वाटतंय की!" शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी माझा मुंबईचा फॉर्म भरला तेव्हा ते आठ दिवस मराठीतच होते. शेवटी एक वर्ष दिलं. "एक वर्स बघ. न्हाय जमलं तर आलेलं स्थळ करायचं, मुकाट्यानं." आणि माझी कव्हरं कपाटात टाकून म्हणाले, "ग्राफ कारखान्याचे हायत, तुझे न्हायत." मला इतका राग आला की मी पायाही पडले नाही. ते आजही सलतं.

मुंबईत मला ईझल मिळालं, चारकोल मिळाला, हॉस्टेलची पातळ डाळ मिळाली. आणि सर मिळाले. त्यांनी 'एक पोस्टर करा' म्हटल्यावर मी माझा वीर काढला. सर सगळ्या वर्गाला बोलावून हसले. "अहो, हा सुपरहिरो आहे की आंघोळीला निघालेला माणूस? केपला टॉवेलसारख्या दशा?" वर्ग खिदळला. वक्र रेषा वक्र काढायला शिका, म्हणाले, हे गावठी प्रकरण सोडा.

त्याच आठवड्यात फोर्टच्या फुटपाथवर तो मला भेटला. माझाच वीर, तेच पुस्तक, पण कव्हरसकट! अंग फिकट निळं. पाठीवर पिवळा, गुळगुळीत केप. काठ नाहीत, दशा नाहीत, कडेला साधी पट्टीसुद्धा नाही. मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं मी ज्याला डाळिंबी समजत होते तो निळा निघाला. सर बरोबर, नायना बरोबर, मीच येडी. मी ते पुस्तक घेतलं आणि दिवाळीला घरी जाताना सगळं सामान ट्रंकेत भरलं. परत यायचं नाही असं ठरवूनच.

घरी पोचल्यावर फराळसुद्धा तोंडात न घालता मी ते कव्हर नायनांपुढं ठेवलं. "हे खरं कव्हर. मला यातलं काही कळत नाही. स्थळाला होकार कळवा." अम्मा स्वयंपाकघरातून दारात आली.

नायनांनी चष्मा लावला. कव्हर खिडकीजवळ नेलं, उलटं धरलं, परत सुलटं धरलं. कडेवरून अंगठा फिरवला, कापड तपासताना फिरवायचे तसा. मग कपाट उघडून माझी कव्हरं काढली. प्रत्येकावर लाल पेन्सिलीच्या खुणा! वीराच्या दंडापाशी लिहिलेलं, 'इथं बांध, धागा लोंबेल, बांगडीत अडकेल.' काठापाशी, 'दोन घरं कमी कर.' चादरीच्या नव्या डिझाइनवर करायचे अगदी तशाच दुरुस्त्या.

"तू गेल्यापास्नं रोज घेऊन बसतेत," अम्मा म्हणाली.

नायनांनी छापलेलं कव्हर माझ्याकडं सरकवलं आणि तेलुगूत म्हणाले, "इदि तप्पु. मनदि करेक्टु." हे चुकलंय. आपलं बरोबर आहे.

आपलं म्हणाले! मी ढसाढसा रडले. ते मात्र शांतपणे सांगत बसले की बिनकाठाचं, बिनदशांचं कापड पहिल्याच उडीत उसवेल, आणि ज्यानं हे काढलं त्यानं आयुष्यात माग बघितलेला नाही. भाऊबीज झाल्यावर मी परत गेले. या वेळी स्टेशनावर ट्रंक नायनांच्या हातात होती आणि कव्हरं ट्रंकेत.

सरांना मी पुढचं पोस्टरही पायऱ्या-पायऱ्यांचंच दिलं. मार्क कमी पडले, पण पास झाले. मग चाळीस वर्षं इथं मुंबईतच बालनाट्यांचे पोशाख केले. किती दिग्दर्शक येऊन म्हणाले, बाई, केपच्या दशा काढा, जुनाट दिसतं. मी म्हटलं, आधी मला काढा. कुणी काढलं नाही. दशा काही गेल्या नाहीत.

आता नायना नाहीत, अम्मा नाही. घर दुसऱ्यांचं झालं. तुमच्यातले कुणी विचारतात, आता सोलापुरात तुझं काय राहिलंय? तिथं काही नाही राहिलं, कबूल. घर माझ्या टेबलाच्या खणात आहे. पिवळे पडलेले ग्राफ, त्यावर डाळिंबी वीर, दंडापाशी लाल पेन्सिल. कामात अडले की खण उघडते आणि कुठला धागा लोंबतोय ते बघते.

तेव्हा ग्रुपवर खुशाल टाका तुमची कव्हरं. निळा तुम्हाला लखलाभ. तो चुकलेला आहे, आमच्या घरी तपासून झालंय.