तोंडावरची सूज

रोज सकाळी दुकान उघडलं की मास्तर आधी अंगुस्तान घालून बघायचा. सुई टोचू नये म्हणून शिंपी मधल्या बोटावर चढवतात ती पितळी टोपी. ती अलगद बसली तर दिवस बरा. पेरापाशी अडली, तर तो ती मुकाट डबीत टाकायचा आणि हातशिलाई बहिणीकडे सरकवायचा.

"काय म्हणते टोपी?" बहीण विचारायची.

"रुसलीय आज."

ही बहीण त्याच्याहून मोठी. काज, बटणं, दुमडपट्टी तिच्याकडे. मापं, कापणं आणि गिऱ्हाइकांची फिरकी घेणं मास्तरकडे. दोघं दुकानामागच्या खोल्यांतच राहायची. मास्तरच्या कोटात पोट दिसत नाही, असं लोक म्हणत. "पोट मी लपवतो," तो म्हणायचा, "अक्कल तुमची तुम्ही सांभाळा."

मग बोटांबरोबर त्याचे बाकीचे सांधेही सुजायला लागले. त्याने ते दुखणं अंगावर काढलं. हळूहळू फिरकी घेणंही थांबलं. मापं घेताना तो आकड्यांपलीकडे बोलेना. चहावर साय धरायची तरी कप तसाच. बहिणीला वाटलं, हात चालत नाहीत म्हणून चिडलाय. शेवटी तिनेच त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बोटं दाबली, गुडघे पाहिले. "तुमचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय," ते म्हणाले. "आणखी कुठे सूज?"

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "तोंडावर आहे की! किती दिवस तोंड सुजवून बसलाय."

डॉक्टर हसले. मास्तरही हसला. मग मान खाली घालून बाहीचं बटण काढत-घालत राहिला.

रस्त्यात तो म्हणाला, "ताई, खरंच तसं वाटतं गं. आत कुठेतरी सुजलंय. कुणी नुसतं 'कसा आहेस' विचारलं तरी ठणकतं."

"गोळ्या घे वेळेवर. उतरेल सगळं."

उतरलंही. बोटं बारीक झाली, अंगुस्तान पहिल्यासारखं बसू लागलं. बहिणीचा जीव भांड्यात पडला. आता ती टोपीचं विचारायचं विसरली, आणि मास्तरचं स्वतःचं तर तिने कधी विचारलंच नव्हतं. टोपी बसली म्हणजे भाऊ बरा, एवढंच तिचं गणित. त्याचं जेवण अर्धं राहत होतं, पहाटेपासून तो डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा, ते या गणितात कुठे बसत नव्हतं.

अशाच एका बऱ्या आठवड्यात मास्तरने स्वतःचा जीव दिला.

पुढे कधीतरी, उरलेल्या गोळ्या परत करायचं निमित्त काढून ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला बसवलं.

"अंगातली सूज कधी कधी मनालाही खचवते," ते सावकाश म्हणाले. "सगळ्यांचंच तसं होत नाही. आणि माणूस असा जातो तेव्हा कारण एकच नसतं. पण मन खचलं तर त्यालाही औषध असतं, बोलणं असतं. त्या दिवशी तुम्ही सांगितलं होतंत मला."

"मी थट्टा केली होती."

"हो. आणि मी हसलो होतो."

गोळ्यांची पाकिटं टेबलावर तशीच राहिली. परतताना तिला आपलंच वाक्य आठवत राहिलं. बरोबर जागा दाखवली होती तिने. जिभेला हाड नसतं म्हणतात. तिच्या जिभेला त्या दिवशी डोळे होते, तिलाच नव्हते.

डबी अजून मशीनशेजारी असते. तिच्या बोटाला ते अंगुस्तान सैल होतं.

त्या शेवटच्या संध्याकाळी ती एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कोटाला बटणं लावत होती. मास्तरने मशीनवर कापड टाकलं, कात्री जागेवर ठेवली आणि आत जाता जाता तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"ताई, वरचं बटण जरा सैल लाव हं. आजोबा सांगायचे नाहीत, पण गळ्याशी दाटतं त्यांना."