पितृपंधरवड्यात आलेला कॉम्प्युटर

दिगंबर गुरुजी पंचांग पाहिल्याशिवाय केस कापायलाही बसत नसत. शनिवार पेठेतले शेजारी म्हणत, "गुरुजींना शिंकसुद्धा मुहूर्तावर येते." माणूस मात्र सोन्यासारखा. रोज लुना दामटत धायरीच्या प्राथमिक शाळेत जायचे आणि बांधकाम मजुरांच्या मुलांना जीव तोडून शिकवायचे.

दोन हजार सालच्या आसपास कुठल्याशा कंपनीने आपला वापरलेला कॉम्प्युटर शाळेला दिला. आला तो नेमका पितृपंधरवड्यात! दुसरा कोणी असता तर त्याने लगेच बटण दाबलं असतं. गुरुजींनी त्यावर चादर टाकली.

"पितरांच्या दिवसांत नवं काही सुरू करायचं नाही," ते वर्गाला म्हणाले. "दसऱ्याला पाटीपूजन असतं, तेव्हा याचीही पूजा करू आणि मग शिकायला बसू."

चौथीतली श्रद्धा हिरमुसली. तिचे आईबाप जालन्याकडचे, शाळेजवळच एका इमारतीच्या कामावर होते. आई शालन दिवसभर डोक्यावरून विटा वाहायची. इमारत होती कॉम्प्युटरवाल्यांची. आईने विटा वाहिलेल्या त्या इमारतीत उद्या माणसं बसून करणार तरी काय, हे पोरीला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

"गुरुजी, एकदाच हात लावू द्या की. आमचं काम सरत आलंय. मग आम्ही जाऊ."

"दसरा काही पळून जात नाही," गुरुजी हसले. "पहिला मान तुझा. शब्द देतो."

शब्द दिला तो अगदी मनापासून. दसरा जागेवर राहतो हे खरंच, पण पोटामागे धावणारी माणसं राहत नाहीत. पंचांगात हे छापलेलं नसतं, आणि गुरुजींना तेवढंच वाचायची सवय.

दसऱ्याला सुट्टी असूनही मुलं सकाळी आवरून आली. पाट्यांवर सरस्वती काढली, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. श्रद्धाचा पत्ता नव्हता. तिची वाट पाहत गुरुजींनी मुहूर्त टळू दिला, आयुष्यात पहिल्यांदाच. शेवटी मुलांना बसवून ठेवून ते बांधकामावर गेले.

मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या मोडून टाकल्या होत्या. राखणदार भैरू तेवढा बसला होता.

"जालन्याची मंडळी व्हय? परवाच गेली ट्रकनं, नव्या कामावर."

"कुठे?"

"मुकादमालाच ठाव. पोरगी काय ट्रकात चढंना. बापानं सांगितलं, दसऱ्याला शाळंत आणून सोडतो, तवा कुठं बसली. हसत गेली बघा, गुरुजी."

गुरुजी तिथेच वाळूच्या ढिगावर बसले आणि ढसाढसा रडले. भैरू गोंधळला. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"येवढं काय काम होतं तुमचं पोरीकडं?"

"माझं नव्हतं रे," गुरुजी म्हणाले. "तिचं होतं माझ्याकडे. पाच मिनिटांचं."